हापसा मारा, चित्र हलेल

गेल्या आठवड्यात एका बाईंनी दवाखान्यात विचारले, "डॉक्टर, घरी व्यायामाची सायकल घ्यावी म्हणते. कोणती चांगली?" मी त्यांना उलट विचारले, की तुमच्या थोरल्या जावेकडे आहे ती सायकल सध्या काय करते? बाई हसल्या. त्या सायकलवर टॉवेल वाळत असतात. ज्या घरात अशी सायकल आहे, तिथे पहिले पंधरा दिवस ती पायाने चालते आणि नंतर तिचा दोरीसारखा उपयोग होतो. सायकलीत काही दोष नसतो आणि माणूसही आळशी असतोच असे नाही. आपण तिथेच काहीतरी चुकतो, आणि ते काय, हे मला एका पेशंटनेच शिकवले. त्याची ही हकिगत.

हे पेशंट म्हणजे एक निवृत्त गुरुजी. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना. "गुरुजी, रोज अर्धा तास चालत जा," हे वाक्य मी त्यांना किती वर्षे ऐकवले, याचा हिशेब नाही. चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी ते लिहूनही देत असे. गुरुजी गोळ्या वेळेवर घेत, साखर मोजून घेत, पथ्यही बऱ्यापैकी पाळत. चालत मात्र नसत. कारणे दर वेळी नवी असत आणि सगळी पटण्यासारखी असत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात कुत्री. (हिवाळ्यातच कुत्री का वाढतात, हे मी कधी विचारले नाही.)

२०१६ च्या डिसेंबरात गुरुजी आणि काकू कॅनडात मॉन्ट्रियलला मुलीकडे गेले. फेब्रुवारीत परतल्यावर तपासायला आले आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिथे मी रोज संध्याकाळी हापसा मारायला जात होतो."

मला वाटले, पाण्याची टंचाई तिथेही पोचली!

तेरा पिंपे आणि तेरा गोष्टी

गुरुजी ज्याला हापसा म्हणत होते, ते एका कलाकृतीचे दांडके होते. त्या कलाकृतीचे नाव 'लूप'. मॉन्ट्रियल शहराच्या मध्यवस्तीत उघड्या चौकात, बर्फात, माणसाहून उंच अशी तेरा मोठी पिंपे आडवी मांडलेली होती. प्रत्येक पिंपाच्या आतल्या बाजूस परीकथेतील चित्रांची रांग आणि मध्ये दोघांना समोरासमोर बसायला जागा. दोघांच्या मध्ये एक दांडा. जुन्या चित्रपटांत रेल्वेच्या रुळांवरून जाणारी हाताने चालवायची गाडी आपण पाहिली असेल. एकाने दांडा खाली दाबला की दुसऱ्याचा वर येतो, त्याने दाबला की याचा वर. तसाच हा दांडा. तो वरखाली केला की पिंप फिरू लागते, दिवा लागतो, संगीत सुरू होते आणि ती स्थिर चित्रे हलू लागतात. हात जितका जोरात, तितका संगीताचा ठेका जलद, दिव्याची उघडझाप जलद आणि चित्रातली माणसेही जलद. हात थांबले की सगळे थांबले. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही लांबूनच चित्र हलताना दिसते, मात्र ते हलवायला आत कोणीतरी बसलेले हवे.

ऑलिव्हिए जिरुआर, जोनाथन व्हिलनव्ह आणि ऑटोब्लिक्स या कलावंतांनी हे काम केले होते. कल्पनेचे मूळ मात्र पावणेदोनशे वर्षांहून जुने. १८३४ साली विल्यम जॉर्ज हॉर्नर या इंग्रज गणितज्ञाने फिरत्या पोकळ डब्याला उभ्या फटी पाडून आतली चित्रे हलती दाखवण्याची युक्ती मांडली. तिला पुढे झोइट्रोप हे नाव पडले. भराभर एकामागून एक दिसलेली चित्रे मेंदू आपोआप जोडून घेतो, एवढेच त्यातले रहस्य. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाने काचेवरच्या चित्रांचे खेळ दाखवले, तीही याच गोत्रातली गोष्ट. फरक एवढाच, की खरोलिकेत हात चालवणारा खेळवाला होता आणि प्रेक्षक बसून होता. लूपमध्ये खेळवालाच नाही. प्रेक्षकाला चित्र पाहायचे असेल, तर हात त्यानेच चालवायचा.

बर्फातला उजेड

आता कोणी म्हणेल, इतक्या थंडीत हा उपद्व्याप कशाला? त्याचे उत्तर त्या गावाच्या हवेत आहे. मॉन्ट्रियलला डिसेंबरात दिवस पावणेनऊ तासांचाही नसतो. सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. जानेवारीत तापमान सरासरी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास. शहराखाली तीस किलोमीटरांहून लांब भुयारी रस्ते आहेत. दुकाने, कचेऱ्या, रेल्वे स्थानके त्यांनी जोडलेली. त्यामुळे हिवाळ्यात आकाश न पाहताही माणसाची कामे होतात. माणूस घरातून भुयारात, भुयारातून कचेरीत आणि परत घरात.

अशा प्रदेशांत काही लोकांना दर हिवाळ्यात ठरल्याप्रमाणे उदासी येते. झोप वाढते, गोड खावेसे वाटते, वजन चढते, माणसांत मिसळणे नको होते. वसंत ऋतू आला की आपोआप बरे वाटू लागते. १९८४ साली अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुमानाच्या उदासीचे वर्णन वैद्यकशास्त्रापुढे मांडले आणि प्रखर प्रकाशाचा उपचारही सुचवला. आज त्यासाठी सकाळी साधारण अर्धा तास दहा हजार लक्स उजेडाच्या दिव्यासमोर बसवतात. मॉन्ट्रियलच्या या हिवाळी उत्सवाचे नावच 'ल्युमिनोथेरापी', म्हणजे प्रकाशोपचार. २०१० पासून तो भरू लागला आणि लूप हे त्याच्या सातव्या वर्षाचे काम.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चौकातले शोभेचे दिवे म्हणजे औषधाचा दिवा नव्हे. रात्रीच्या रोषणाईत दहा हजार लक्स उजेड डोळ्यांपर्यंत येत नाही आणि उदासीच्या आजाराला ती पुरी पडत नाही. नावात उपचार असला, तरी तो शब्द उत्सवाच्या आनंदाने वापरलेला आहे. उपचाराचा काही अंश असलाच, तर तो दिव्यात नसून त्या दांड्यात आणि समोरच्या माणसात आहे, असे माझे मत. ते का, ते पुढे येईलच. आपल्याकडे ऐन डिसेंबरातही जवळजवळ अकरा तास दिवस असतो, त्यामुळे आपल्याला ही उदासी क्वचितच गाठते. आपल्या उदासीची कारणे वेगळी असतात आणि ती उन्हाने जात नाहीत.

एका बिस्किटाचा व्यायाम

गुरुजींना वाटत होते, की या हापशाने त्यांची साखर उतरली असणार. रिपोर्ट पाहिला तर ती थोडी चढलेलीच होती. मुलीकडचा पाहुणचार आणि तिथली बेकरी यांच्यापुढे हापशाचे काही चालले नाही.

हिशेब करून पाहू. धडधाकट माणूस हातापायांनी सलग तासभर काम करत राहिला, तर साधारण पंच्याहत्तर ते शंभर वॅट एवढी शक्ती देतो. म्हणजे घरातला एक छताचा पंखा कसाबसा फिरेल. वीज बिलावरचे एक युनिट भरायला शंभर वॅटच्या दराने दहा तास राबावे लागेल. एका युनिटला आपण किती पैसे मोजतो ते आठवले, की मानवी घामाची किंमत किती थोडी आहे हे कळते! मात्र शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या अन्नातल्या शक्तीपैकी वीस-पंचवीस टक्केच कामाला येते. बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून शंभर वॅटच्या तासाभराच्या कामाला साडेतीनशे ते चारशे कॅलरी खर्च होतात. लूपच्या दांड्यावर माणूस बसणार चार-पाच मिनिटे, तीही थांबत, हसत, फोटो काढत. खर्च झाला तर पंचवीस-तीस कॅलरी. एक ग्लुकोजचे बिस्किट तेवढेच देते.

तेव्हा वजन उतरवायला ही कलाकृती निरुपयोगी. पण पाच मिनिटांच्या हालचालीला काहीच किंमत नाही, असे मात्र समजू नका. २०१२ साली ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या एकोणीस प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गोड-स्निग्ध पेय दिल्यावर त्यांना एका दिवशी पाच तास नुसते बसवले आणि दुसऱ्या एका दिवशी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे सावकाश चालवले. चालवलेल्या दिवशी रक्तातल्या साखरेची चढ सुमारे एक चतुर्थांश कमी आढळली. पायांचे आणि हातांचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. त्यासाठी घाम गळायलाच हवा असे नाही. जागतिक आरोग्य संघटना पूर्वी सांगत असे, की व्यायाम मोजायचा तर तो सलग दहा मिनिटांचा तरी हवा. २०२० च्या सूचनांत ती अट तिने काढून टाकली. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम हालचाल हे लक्ष्य कायम आहे, पण ती मिनिटे सुटी सुटी जमवली तरी चालतात.

गुरुजींची मिनिटे मी मोजली. मुलीच्या घरापासून भुयारी रेल्वेच्या स्थानकापर्यंत पायी दहा मिनिटे, उतरून चौकापर्यंत पाच, चौकात या पिंपाकडून त्या पिंपाकडे फिरण्यात अर्धा तास, आणि परत तेवढेच. ज्या माणसाला मी इतक्या वर्षांत शेजारच्या मारुतीपर्यंत चालवू शकलो नव्हतो, तो बर्फात रोज तासभर पायी होता! आणि त्याला विचारले, तर तो फक्त हापशाचेच सांगत होता. चालणे त्याच्या हिशेबातच नव्हते.

जिना का चढावा?

व्यायाम म्हणून केलेली हालचाल टिकत नाही आणि दुसऱ्या कशासाठी तरी केलेली टिकते, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी पाहिले आहे. १९५३ साली लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांच्या मानाने जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर काही व्यायाम करत नव्हते. ते तिकिटे फाडत होते.

मग लोकांना जिना चढायला लावावे कसे? १९८० साली अमेरिकेत ब्राउनेल आणि स्टंकार्ड प्रभृतींनी सरकत्या जिन्याशेजारी हृदयाचे चित्र असलेला फलक लावून पाहिला. साधा जिना चढणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून वर गेले, तरी शंभरात पंधराच्या आतच राहिले. पुढे एका ठिकाणी फलक काढल्यावर तीन महिन्यांत पुन्हा होते तसे झाले. उपदेशाचे आयुष्य एवढे. आम्ही डॉक्टर लोकही एक प्रकारचे फलकच आहोत.

२००९ साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या ओडेनप्लान स्थानकावर एका मोटार कंपनीने आपल्या जाहिरातीसाठी जिन्याच्या पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्यांचे रूप दिले. पायरीवर पाय पडला की सूर निघे. नेहमीपेक्षा ६६ टक्के अधिक लोकांनी सरकता जिना सोडून हा जिना निवडला, असे कंपनीने जाहीर केले. हा आकडा जाहिरातदाराचा आहे आणि नवलाईच्या दिवसांतला आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा. नवी सून, नवी सायकल आणि नवा जिना यांचे पहिले पंधरा दिवस सारखेच. आपल्या बागांत बसवलेल्या व्यायामाच्या यंत्रांचा अनुभव याहून वेगळा नाही. पहिल्या महिन्यात रांग, दुसऱ्यात पोरे, तिसऱ्यात गंज.

म्हणून मॉन्ट्रियलच्या लोकांचे मला जास्त कौतुक वाटते. त्यांनी एकच खेळ कायमचा रोवून ठेवला नाही. दर हिवाळ्यात नवे काम आणले. २०१४-१५ ला हाताने फिरवायचे पन्नास रंगीत लोलक, पुढच्या वर्षी दिव्यांचे तीस सी-सॉ, त्याच्या पुढच्या वर्षी लूप. नवलाई ओसरायच्या आत खेळ उठलेला असे.

समोर कोण बसले आहे?

गुरुजींना मी खोदून विचारले, की रोज तिथे जावेसे का वाटे? चित्रे तर दोन दिवसांत पाहून झाली असतील. ते थोडे विचार करून म्हणाले, "समोर रोज वेगळा माणूस असायचा."

काकूंना थंडी सोसत नव्हती आणि मुलगी-जावई कामावर, त्यामुळे गुरुजी बहुधा एकटेच जात. पिंपात एका बाजूला जाऊन बसत. दांडा एकट्याने हलवायला जड जाई. मग कोणीतरी येऊन समोर बसे. एकदा एक आजीबाई बसल्या. त्यांना फ्रेंचखेरीज काही येत नव्हते, गुरुजींना मराठी आणि शाळेपुरते इंग्रजी. दोघांनी मिळून लांडग्याची की कोल्ह्याची गोष्ट तीनदा फिरवली. दमल्यावर आजीबाईंनी हात वर केला, यांनी दांडा सोडला, आणि दोघे हसत उतरले. अडीच महिन्यांच्या मुक्कामात घराबाहेरच्या माणसाशी झालेला आपला सर्वांत मोठा संवाद हाच, असे गुरुजी म्हणाले.

ही गंमत वाटली तरी तिच्यामागे शरीराचे काही असावे. २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बोट वल्हवणाऱ्या बारा खेळाडूंची एक पाहणी प्रसिद्ध केली. यंत्रावर एकट्याने वल्हवल्यानंतर आणि सगळ्यांनी मिळून एका लयीत वल्हवल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळून मोजली. श्रम सारखेच असताना, मिळून वल्हवल्यानंतर ती स्पष्टपणे अधिक भरली. शरीरातील एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असा त्यांचा कयास. बारा माणसांची पाहणी लहानच. तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण भलरी म्हणत कापणी करणाऱ्यांना किंवा दिंडीत टाळ धरून मैलोन्‌मैल चालणाऱ्यांना ती वाचून नवल वाटणार नाही.

मॉन्ट्रियलमध्येच २०११ च्या वसंतात एका लांबट मोकळ्या जागेत एकवीस झोके टांगले गेले. मूना आंद्राओस आणि मेलिसा माँजिया यांच्या कलासंस्थेचे हे काम. प्रत्येक झोक्याला एक वाद्य वाटून दिलेले, कोणाला पियानो, कोणाला गिटार, कोणाला हार्प. झोका घेतला की सूर वाजे. एकट्याने घेतला तर मोजकेच सूर. शेजारच्यांच्या लयीत लय मिळाली की मात्र एकट्याला कधीच न मिळणारी धून उमटे. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक ल्यूक-आलँ जिराल्दो यांना यात सल्ल्याला घेतले होते, कारण प्रश्नच असा होता, की अनोळखी माणसे एकमेकांना केव्हा सहकार्य करतात. झोके पुढेही अनेक वसंतांत त्या जागी परत आले.

सी-सॉचे तर तसेच. तो एकट्याला खेळताच येत नाही. २८ जुलै २०१९ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवरील पोलादी कुंपणाच्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार घालण्यात आले. रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्राटेलो या वास्तुविशारदांची ही कल्पना. एक टोक या देशात, दुसरे त्या देशात. सुमारे चाळीस मिनिटे दोन्हीकडची मुले आणि मोठी माणसे एकमेकांना वर उचलत होती. मग ते काढून घेतले.

आपल्याकडे हे ज्ञान बायकांना होतेच. मंगळागौरीच्या रात्री जागून केलेले खेळ काय किंवा नागपंचमीचे झोके काय, त्याला व्यायाम कोणी म्हटले नाही. फुगडी घालायची तर समोर तोलाची दुसरी हवी. तिने हात सोडला तर आपण पडणार, हे दोघींनाही ठाऊक असते. आज माझ्याकडे गुडघे आणि पाठ घेऊन येणाऱ्या चाळिशीच्या बायकांना मी फुगडीचे विचारतो, तेव्हा बहुतेकींचे उत्तर एकच, "लग्नाआधी घालत होते." २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील निम्म्याच्या आसपास प्रौढांची हालचाल अपुरी होती, आणि त्यात बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त, सुमारे ५७ टक्के. घरकामात दिवसभर पायावर उभ्या असणाऱ्या बाईला हा आकडा चीड आणणारा वाटेल. पण ओट्यापाशी उभे राहणे आणि अंग मोकळे होणे यांत फरक आहे.

आणि एकटेपणाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला तो जाचतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य यांच्याशी त्याचे नाते आहे, असे हा अहवाल सांगतो. माझ्या दवाखान्यात संध्याकाळी पाचला येऊन सातपर्यंत बाकावर बसणारे तीन-चार वृद्ध आहेत. त्यांची औषधे कधीच बदलत नाहीत. नंबर आला की ते पुढच्याला आत पाठवतात. पूर्वी मला याची घाई वाटायची, आता मी त्यांना उठवत नाही.

गुरुजींना बसलेला ओरडा

सगळे ऐकून झाल्यावर मी गुरुजींना चांगलेच रागावलो, तेही इथे सांगायला हवे, कारण वाचकांतही गुरुजी असतील.

पहिली गोष्ट, थंडी. कडाक्याच्या थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. त्यातच हातांनी जोराचे काम केले, तर हृदयावरचा ताण दुप्पट. बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका येणे ही त्या देशांतली जुनी ओळखीची घटना आहे. आपल्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला कानटोपी घालून झपाझपा चालायला निघणारे हृदयरोगी आहेत. त्यांनी ऊन थोडे वर आल्यावर निघावे, नाकातोंडावर मफलर घ्यावा, पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंडीतही दरदरून घाम, असे काही झाले तर तिथेच थांबावे आणि तडक दवाखाना गाठावा. "पित्त असेल" म्हणून घरी जाऊन झोपू नये.

दुसरी, पाय. मधुमेहात पायांची जाणीव मंदावते. बर्फात बोटे गारठून इजा झाली तरी कळत नाही. आपल्याकडे हेच उन्हाळ्यात तापलेल्या फरशीने होते. देवळाबाहेर चपला काढून गेलेल्या माणसाचे तळवे भाजल्याचे मी दर एप्रिलमध्ये पाहतो. बाहेरून आल्यावर तळवे उजेडात पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्याकडून पाहून घ्यावेत.

खांद्याचेही सांगतो. मधुमेही माणसाचा खांदा आखडण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त. हात डोक्यावर जाताना आधीच दुखत असेल, त्याने हापसा असो की बागेतले ओढायचे यंत्र, जोर लावू नये.

सी-सॉ आणि झोका म्हणजे मुलांचेच खेळ, असे मी म्हणणार नाही. पण हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बायकांनी, सी-सॉवर बसू नये. टोक जमिनीवर आदळले की तो दणका थेट मणक्याला बसतो आणि मणका दबू शकतो. चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी झोका बेताने घ्यावा. ज्यांना अपस्मार, म्हणजे फिट्स येतात, त्यांनी भराभर उघडझाप होणाऱ्या दिव्यांपासून दूर राहावे, मग ते कलाकृतीतले असोत, लग्नाच्या वरातीतले असोत की गणपतीच्या मिरवणुकीतले.

आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी नेहमीपेक्षा जास्त श्रम होणार असतील, तेव्हा खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले तर ती लगेच तोंडात टाकावी. गुरुजींना मी विचारले, की तुमच्याजवळ पुडी होती का?

"होती की," गुरुजी म्हणाले. "हिच्या पर्समध्ये."

काकू थंडीमुळे घरीच असत, हे त्यांनी आधीच सांगितले होते.